‘व्हिसा-फ्री’चे परीक्षण: मोपा-दाबोळीहून निघणाऱ्या भारतीय पासपोर्टसाठी कोणती सवलत खरी, कोणती नावापुरती

पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर सध्या एकच शब्द ठळक असतो: ‘व्हिसा-फ्री’. त्याखाली थायलंड, मलेशिया, फिलिपीन्स, कझाकस्तान अशी नावे एका रांगेत. वाचणाऱ्याला वाटते, सगळीकडे सवलत सारखीच. प्रत्यक्षात या चार नावांमागे चार वेगळे कागद आहेत. एकावर शेवटची तारीख छापलेली आहे, दुसऱ्यावरचे दिवस बदलत राहिले आहेत, तिसऱ्यावर मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही, आणि चौथ्याचा हिशेब सहा महिन्यांवर चालतो.

हे परीक्षण त्या सवलतींचे आहे, देशांचे नव्हे. पटायाचा किनारा कसा आहे आणि क्वालालंपूरला शाकाहारी जेवण कुठे मिळते, ते इथे सापडणार नाही. आम्ही दोनच गोष्टी बघितल्या. सवलत कुठल्या कागदावर उभी आहे, म्हणजे ती किती टिकेल. आणि मोपा किंवा दाबोळी या गोव्याच्या विमानतळांच्या चेक-इन काउंटरवर ती चालवून घेताना काय लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. व्हिसा नसलेल्या प्रवाशाची पहिली परीक्षा बँकॉकच्या इमिग्रेशनला होत नाही, ती पेडण्यातच, मोपाच्या विमानतळावर होते.

आधी कागदाचे बघू. व्हिसामुक्ती दोन तऱ्हांनी मिळते. एक, समोरच्या देशाचे मंत्रिमंडळ ठरवते की अमुक देशाच्या पर्यटकांना व्हिसा नको, आणि गृहखाते परिपत्रक काढते. याला एकतर्फी सवलत म्हणायचे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि मर्जी फिरली की जाते. दुसरी तऱ्हा कराराची. दोन सरकारे महिनोन्महिने मसुदा घासतात, सही होते, मग राजनैतिक पत्रांची देवाणघेवाण होऊन करार लागू होतो. तो मोडायचा तर पूर्वसूचना द्यावी लागते. बहुतेक वेळा सुरुवात राजनैतिक आणि सरकारी पासपोर्टांपासून होते, कारण तिथे माणसे मोजकी आणि माघारी येणार याची खात्री. भारताचे असे करार पुष्कळ देशांशी आहेत. साध्या निळ्या पासपोर्टपर्यंत मात्र गाडी क्वचितच येते.

ती का येत नाही, याचे निम्मे उत्तर दिल्लीत आहे. भारत स्वतः साध्या पासपोर्टवर व्हिसाविना आत घेतो ते नेपाळ, भूतान आणि मालदीवच्या नागरिकांना. बाकी बहुतेक जगासाठी ई-व्हिसा. गोव्याला हे नवे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही ऑनलाइन सोय ज्या नऊ विमानतळांवर सुरू झाली, त्यांत दाबोळी होता. पण ई-व्हिसा हा शेवटी व्हिसाच. आपण थाई माणसाकडून व्हिसा मागत असताना थायलंडने आपल्याशी कायमचा करार करावा, हे कुठल्या तोंडाने मागणार? म्हणून आपल्या वाट्याला येतात त्या बहुतेक एकतर्फी सवलती.

मलेशियाचे उदाहरण घेतले की फरक लख्ख दिसतो. १ डिसेंबर २०२३ रोजी मलेशियाने भारत आणि चीन या दोघांना एकाच दिवशी ३० दिवसांची व्हिसामुक्ती दिली. चीनने मलेशियन पर्यटकांना तशीच सवलत दिली, बोलणी पुढे नेली, एप्रिल २०२५ मध्ये परस्पर करारावर सह्या झाल्या आणि १७ जुलै २०२५ पासून तो लागू झाला. भारताची सवलत अजून मुदतवाढीवर चालते. आधी ३१ डिसेंबर २०२४, आता ३१ डिसेंबर २०२६. सुरुवातीचा दिवस एकच होता. आज चिनी पर्यटकाच्या हातात करार आहे, आपल्या हातात तारीख.

तरीसुद्धा सध्या वापरायला सर्वांत सोपी सवलत मलेशियाचीच, आणि आमच्या लेखी ती यादीत पहिली. मुदत स्पष्ट छापलेली आहे, दिवस किती याबद्दल घोळ नाही, आणि प्रवाशाकडून ऑनलाइन काय भरून हवे तर फक्त एमडीएसी, म्हणजे मलेशियाचे डिजिटल आगमन कार्ड. ते फुकट आहे आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे. याहून आधी भरायला गेलात तर फॉर्म तारीखच घेत नाही. महिनाभर आधी ‘साइट बंद पडली’ म्हणून एजंटला पैसे देणाऱ्यांची साइट बहुधा नीट चालू असते, तारीख फक्त लांब असते.

थायलंडला सगळे जातात, म्हणून त्याच्यावर थोडे जास्त. पूर्वी बँकॉकला उतरून रांगेत २,००० बाट भरायचे आणि १५ दिवसांचा व्हिसा घ्यायचा. १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा गेला आणि ३० दिवस मिळू लागले, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. मग मुदतवाढ झाली. मग १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या यादीत भारत आला आणि दिवस ६० झाले. लगेच २०२५ पासून थाई सरकारातच हे दिवस पुन्हा ३० वर आणण्याची चर्चा सुरू झाली, कारण पर्यटनाच्या नावाखाली परवान्याशिवाय धंदा करणारे वाढले अशी तक्रार होती. म्हणून एजंटच्या फलकावरचा दिवसांचा आकडा प्रमाण मानू नका. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा, थाई दूतावासाच्या पानावर तो बघायचा. चीनने इथेही बाजी मारली. २८ जानेवारी २०२४ ला थायलंड-चीन परस्पर करार झाला आणि १ मार्चपासून लागू झाला. त्यात एका वेळी ३० दिवस, आणि १८० दिवसांत एकूण ९० दिवसांची मर्यादा. दिवस ६० पेक्षा कमी, पण पाया पक्का.

थायलंडचा डिजिटल फॉर्म म्हणजे टीडीएसी. १ मे २०२५ पासून सक्तीचा, फुकट, आणि हाही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा. इथे चुका होतात त्या ठरावीक.

पहिली चूक विमानाच्या क्रमांकाची. मोपाहून मुंबई आणि मुंबईहून बँकॉक असा प्रवास असेल तर फॉर्ममध्ये थायलंडमध्ये उतरणाऱ्या विमानाचा क्रमांक लिहायचा. मोपाच्या विमानाचा नव्हे. दुसरी चूक तारखेची. मुंबईहून रात्री बाराच्या आधी सुटणारे विमान पहाटे किंवा सकाळी पोहोचते, थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणून आगमनाची तारीख तिकिटावरच्या सुटण्याच्या तारखेपेक्षा एकाने जास्त असते. तिसरी चूक पत्त्याची. पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता हवा. ‘फुकेत’ एवढे लिहून भागत नाही. भरून झाल्यावर क्यूआर कोड ईमेलवर येतो. त्याची एक प्रत कागदावर घ्या, कारण परदेशात उतरल्याबरोबर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. फॉर्मसाठी पैसे मागणारी बनावट संकेतस्थळे गुगलवर वरच्या जागी जाहिरात देऊन बसलेली असतात. खरी साइट थाई इमिग्रेशनची आहे आणि तिच्या पत्त्याचा शेवट ‘गो डॉट टीएच’ असा होतो. कार्डाचा नंबर मागितला की समजा, चुकीच्या दारात उभे आहात.

थायलंडमध्ये दिवस मोजताना उतरण्याचा दिवस पहिला धरतात. जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,००० बाट. मुक्काम खरोखर वाढवायचा असेल तर तिथल्या इमिग्रेशन कचेरीत जाऊन १,९०० बाट भरून मुदतवाढीचा अर्ज करता येतो. हा रस्ता चार किंवा जास्त दिवसांच्या दंडापेक्षा स्वस्त आणि पासपोर्टवर डाग न पाडणारा. सीमेवर जाऊन लगेच परत आत येण्याची जुनी युक्ती मात्र आता सोडा. लागोपाठ असे करणाऱ्यांना थाई इमिग्रेशन परत पाठवू लागले आहे.

फिलिपीन्सची सवलत आम्हाला कागदावर सर्वांत रंजक वाटली, वापरात मात्र आखूड. ८ जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसा नको. भारताने १ ऑगस्ट २०२५ पासून फिलिपिनो पर्यटकांना ई-व्हिसा फुकट केला. म्हणजे करार नाही, पण ‘तुम्ही एक पाऊल, आम्ही एक पाऊल’ अशी वाटाघाट दिसते. हे १४ दिवस वाढत नाहीत आणि तिथे गेल्यावर दुसऱ्या प्रकारच्या व्हिसात बदलतही नाहीत. मनिला, बोराकाय आणि पालावान एकाच खेपेत करायचे, आणि मध्ये वादळात एखादी फेरी रद्द झाली, की चौदाव्या दिवशी घाम फुटतो. परतीचे विमान बाराव्या दिवसाचेच घ्या. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन (एकच व्हिसा चालणारे युरोपीय देश), सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुणाचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर ३० दिवस मिळतात. इथला डिजिटल फॉर्म ‘ई-ट्रॅव्हल’ नावाचा. तोही ७२ तासांच्या आतला आणि फुकटचा.

कझाकस्तान १४ दिवस देतो, पण १८० दिवसांत एकूण ४२ पेक्षा जास्त नाही. सुट्टीवर जाणाऱ्याला ही अट जाणवतही नाही. वारंवार जाणाऱ्याने मात्र वहीत हिशेब ठेवावा.

नेपाळ आणि भूतानबद्दल फार लिहायला नको. नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. १५ ते ६५ वयातल्या माणसाला आधार कार्डावर सोडत नाहीत, आणि दरवर्षी मे महिन्यात कोणी ना कोणी तेच घेऊन विमानतळावर उभे असते. भूतानला व्हिसा नाही, पण परमिट आहे आणि भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. चार जणांचे कुटुंब पाच रात्री राहिले की हिशेब बघा. मुलांना त्यात सूट आहे, वयाची अट परमिट काढताना तपासा.

काही नावे ‘व्हिसा-फ्री’ म्हणून फिरतात आणि तशी नसतात. केनियाने जानेवारी २०२४ पासून सगळ्या जगाला व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला आणि त्याच दिवशी शुल्क भरून घ्यायचे ऑनलाइन प्रवासपत्र, ईटीए, सक्तीचे केले. आधी अर्ज, आधी पैसे, मग मंजुरी. याला आम्ही तरी व्हिसाच म्हणू. इंडोनेशियाही याच पट्टीत छापतात, पण बालीला उतरल्यावर ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा घ्यावा लागतो, वर बालीचा स्वतःचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे. ‘सिंगापूर-मलेशिया-थायलंड, नो व्हिसा’ या जुन्या पॅकेजातला पहिलाच देश व्हिसा मागतो, आणि सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. कतारचे वेगळेच: व्हिसाचे पैसे नाहीत, पण भारतीयांना पूर्ण मुक्कामाचे हॉटेल तिथल्या ठरवून दिलेल्या ‘डिस्कव्हर कतार’ या पोर्टलवरूनच घ्यावे लागते. कतार एअरवेजने जून २०२४ मध्ये आपली गोव्याची सेवा दाबोळीहून मोपाला हलवल्यापासून बार्देश-पेडण्याच्या लोकांना दोहा जवळचे झाले, पण दुसऱ्या साइटवर घेतलेले स्वस्त हॉटेल काउंटरवर चालत नाही.

दिलेली सवलत परत कशी जाते

इंडोनेशिया एके काळी खरोखर व्हिसामुक्त होता. २०१६ मध्ये त्यांनी १६९ देशांना दार उघडले, त्यांत आपण होतो. मार्च २०२० मध्ये महामारीत ते बंद केले आणि जून २०२३ मध्ये १५९ देशांची सवलत रीतसर काढून घेतली. कुणाशी करार नव्हता, कुणाला विचारायची गरज नव्हती.

सर्बियाचे प्रकरण जास्त शिकण्यासारखे. सप्टेंबर २०१७ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसा नको होता. पण सर्बियाला युरोपीय संघात जायचे आहे, आणि संघाची अट अशी की तुमचे व्हिसाचे धोरण आमच्याशी जुळते हवे. बेलग्रेडला विमानाने उतरून पुढे चोरवाटेने संघात शिरणारे वाढले, त्यांत भारतीयही होते, तसा ब्रसेल्सचा दाब वाढला. १ जानेवारी २०२३ पासून आपली सवलत बंद. दोन देशांमधली व्हिसामुक्ती तिसऱ्याने मोडली, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्या भारतीय पर्यटकांना १५ दिवस व्हिसा माफ केला होता, सहा महिन्यांतून एकदा. नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पाठवण्याचे आमिष दाखवून तिथे नेलेल्या भारतीयांना पळवून खंडणी मागण्याचे प्रकार झाले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत स्थगित झाली. तेहरानमार्गे पुढे नेतो म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, असे त्या वेळी परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट सांगितले.

सर्बिया आणि इराण या दोन्हींत एक धागा आहे. सवलत पर्यटकासाठी असते आणि ती बुडवतो तो पर्यटक नसलेला प्रवासी. म्हणूनच वाटाघाटींच्या टेबलावर समुद्रकिनारे आणि हॉटेलांपेक्षा दोन गोष्टींवर जास्त वेळ जातो: पासपोर्टची नक्कल किती अवघड आहे, आणि बेकायदा राहिलेली माणसे तुम्ही परत घेणार का. युरोपीय संघाने कोसोव्होशी बोलणी सुरू केली २०१२ मध्ये आणि व्हिसा उठला १ जानेवारी २०२४ ला. मधल्या बारा वर्षांतली बरीचशी सीमा, कागदपत्रे आणि माणसे परत घेणे यांत गेली. गोव्यात आता चिप असलेला ई-पासपोर्ट मिळतो, त्याचा उपयोग सामान्य माणसाला लगेच दिसत नाही. अशा टेबलावर तो दिसतो.

काउंटरवर काय होते

विमान कंपनीचा कर्मचारी तुमचा पासपोर्ट घेऊन संगणकावर टिमॅटिक नावाच्या यादीत बघतो: या देशाचा पासपोर्ट, तो देश, एवढे दिवस, काय हवे. चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि माणूस स्वतःच्या खर्चाने परत आणावा लागतो. त्यामुळे तो हुज्जत घालत नाही, नाही म्हणून मोकळा होतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; फॉर्म, तिकीट आणि पत्ता समोर ठेवला की दोन मिनिटांत काम होते.

पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून सहा महिने उरलेली हवी. पाच महिने पंचवीस दिवस म्हणजे नाही. उरलेली मुदत वर्षाच्या आत आली की पणजीच्या पासपोर्ट कचेरीचा रस्ता धरावा. ३६ पानांचे साधे नूतनीकरण १,५०० रुपयांत होते, तत्काळला २,००० रुपये वर. परतीचे तिकीट खरे हवे. एजंट देतात ते ‘डमी’ तिकीट थोड्या वेळाने आपोआप रद्द होते, आणि कर्मचाऱ्याने पीएनआर, म्हणजे बुकिंग क्रमांक, टाकून बघितला की पडद्यावर काहीच येत नाही. मलेशियात विमानाने जाऊन थायलंडमधून परतणार असाल तर दोन देशांमधले तिकीटही हाताशी ठेवा, नाहीतर मलेशियातून बाहेर पडण्याचा पुरावाच नसतो.

नावाचा घोळ गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. नाईक, प्रभू, शेट यांच्या घरी हे वेगळे सांगायला नको. नियम एकच: तिकीट आणि डिजिटल फॉर्म हे दोन्ही पासपोर्टवर जसे अक्षर आहे तसेच भरायचे, चुकीचे असले तरी. दुरुस्ती करायची ती आधी पासपोर्टवर. आडनावाचा रकाना रिकामा आणि नाव एकाच शब्दाचे असलेला पासपोर्ट असेल तर संयुक्त अरब अमिरातीच्या पर्यटक व्हिसावर नोव्हेंबर २०२२ पासून अडवतात. बाकी देशांच्या फॉर्ममध्येही तो रकाना अडवतो.

तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. मोपा-मुंबई वेगळे आणि मुंबई-बँकॉक वेगळे घेतले तर दोन-तीन हजार वाचतात, पण मोपाचा काउंटर परदेशाची कागदपत्रे बघतच नाही. चूक कळते मुंबईत, रात्री. एकाच तिकिटावर असाल तर तीच चूक मोपाला निघते, आणि घरी फोन करून कागद मागवायला वेळ असतो. शिवाय मुंबईला देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरले आणि पुढचे टर्मिनल २ हून असेल तर मध्ये रस्त्याने जावे लागते, सामान घेऊन, अंधेरीच्या रहदारीतून. चार तासांहून कमी अंतर ठेवू नका.

त्यानंतर आपल्याच देशाचे इमिग्रेशन. एकट्याने पहिल्यांदा थायलंडला निघालेल्या पंचविशीच्या मुलाला इथे जास्त प्रश्न विचारतात, आणि त्याला कारण आहे. बँकॉकला व्हिसाविना उतरवून, सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावडीत नेऊन, तिथल्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, असा शेरा) असेल, म्हणजे दहावीचा दाखला जोडलेला नसेल, तर चौकशी आणखी. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे तिन्ही ईसीआरच्या १८ देशांच्या यादीत आहेत. पर्यटनाला जायला ईसीआर आड येत नाही, नोकरीला येतो. कामावरून रजेचे पत्र, हॉटेल, परतीचे तिकीट, आणि सरळ उत्तर. ‘तिथे पोहोचल्यावर हॉटेलात काम बघून देतो, आधी व्हिसा-फ्री जा’ असे कोणी म्हणाले, तर तो एजंट सोडा. या सवलतींपैकी एकीवरही काम करता येत नाही.

मोरजीचे पाहुणे आणि आपण

रशियाशी चाललेली बोलणी गोव्यात जितकी कान देऊन ऐकली जातात तितकी देशात कुठे नसतील. मोरजी-हरमलच्या पाट्या सिरिलिक या रशियन लिपीत आहेत, ते उगीच नव्हे. ५ डिसेंबर २०२५ रोजी पुतिन दिल्लीत असताना रशियन पर्यटकांसाठी ३० दिवसांचा फुकट ई-व्हिसा आणि ३० दिवसांचा गट व्हिसा जाहीर झाला. हॉटेलवाल्यांना यात आनंद आहेच. उलट दिशेने, म्हणजे आपल्या लोकांसाठी, बोलणी आहेत ती गटाने व्हिसाविना जाण्याची; रशियाची तशी व्यवस्था चीन आणि इराणशी १ ऑगस्ट २०२३ पासून चालते. ती आली तरी तिचा साचा समजून घ्या. मान्यताप्राप्त टूर कंपनीने नावांची यादी द्यायची, गटाने एकत्र आत शिरायचे, एकत्र बाहेर पडायचे. नवरा-बायकोने स्वतःच्या मनाने मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग करायचे असेल तर त्यांच्या कामाचा रशियाचा ई-व्हिसाच, जो भारतीयांना १ ऑगस्ट २०२३ पासून मिळतो.

सर्वांत महागडी व्हिसामुक्ती

ती पणजीतच, आल्तिनोवरच्या पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासात मिळते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचा दावा करता येतो, आणि त्या पासपोर्टवर निम्म्याहून जास्त जग व्हिसा मागत नाही. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदान गेले, आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) कार्ड काढले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांच्या घरी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे त्यांनी वकिलाकडे आधी जावे, वाणिज्य दूतावासाकडे मग. शिवाय ज्या ब्रिटनसाठी बहुतेकांनी हे केले, तिथे ३१ डिसेंबर २०२० नंतर या पासपोर्टवर राहून काम करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि २ एप्रिल २०२५ पासून नुसते फिरायला जाण्यासाठीही पैसे भरून ईटीए घ्यावा लागतो. फक्त फिरण्यासाठी हा सौदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

युरोपात नुसते फिरायचे असेल तर त्यापेक्षा शेंगेनच्या नव्या नियमाकडे बघा. १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा, तो नीट वापरला की पाच वर्षांचा, अर्थात पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. हाताचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असले तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. पाच वर्षे युरोपात येता-जाता येणे, दर १८० दिवसांत ९० दिवसांच्या मर्यादेत, ही भारतीय पासपोर्ट न सोडता मिळणारी सर्वांत जवळची व्हिसामुक्ती. नाव व्हिसाचे आहे म्हणून एजंटच्या काचेवर ती लागत नाही, एवढेच.

एजंटला पैसे कशाचे द्यायचे, हेही शेवटी सांगायला हवे. एमडीएसी, टीडीएसी, ई-ट्रॅव्हल हे तिन्ही फुकट आहेत. घरातल्या आजी-आजोबांचे फॉर्म भरून देण्याची मजुरी म्हणून माणशी शे-दोनशे घेतले तर गैर नाही, ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून हजारात घेतले तर बिल मागा आणि सरकारी शुल्क कुठले ते त्यावर लिहून घ्या. आणि मलेशियाचे पॅकेज २०२७ च्या जानेवारीचे किंवा त्यापुढचे कोणी विकत असेल तर मुदतवाढ सरकारी पानावर दिसेपर्यंत तिकीट परताव्याच्या दरानेच घ्या. सध्याची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे, आणि नववर्षाला तिथे असणाऱ्यांनीही ती बघूनच परतीचे विमान ठरवावे.